फाट्यावरचा खांब

“मी हरवले, तर तुम्हाला किती वेळाने कळेल?”

प्रश्न खरं तर तिचा नव्हताच. शाळेच्या मागच्या जिन्यात बसून तिच्या दोन मैत्रिणींनी, चिमणीने आणि वकिलाने, तो शिजवला होता आणि तिच्या गळ्यात मारला होता. पैजेच्या अटी अर्थातच वकिलाच्या. हसायचं नाही, नंतर ‘गंमत केली’ म्हणून पळ काढायचा नाही, आणि आई-बाबा दोघं एकाच वेळी समोर असताना विचारायचं.

“पहिल्या दोन मान्य,” ती म्हणाली होती. “तिसरी म्हणजे शुद्ध अन्याय. आमच्या घरात ते दोघं एकाच वेळी समोर येणं म्हणजे ग्रहण असतं. कधीतरीच लागतं, आणि थेट बघायचं नसतं.”

चिमणी खिदळत दोन पायऱ्या खाली घसरली. वकील मात्र हसली नाही. “म्हणूनच विचार,” ती म्हणाली. “घाबरलीस का?”

आता हे बोलायची गरज नव्हती. गेल्या वर्षापर्यंत ती घाबरायची, हे खरं. हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानासुद्धा तिचा आवाज बाकाखाली पडायचा. मग एके दिवशी शाळेत सकाळच्या सूचना वाचणारी मुलगी आजारी पडली, बाईंनी जी समोर दिसली तिला धरून माइकपुढे उभं केलं, आणि आपला आवाज अख्ख्या इमारतीत घुमताना ऐकून या बयेला असं काही झालं की तेव्हापासून तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही. बाबांनी नाव ठेवलं, भोंगा. तिला ते मनापासून आवडलं. वहीवर तिने तेच लिहिलं असतं, पण बाई ओरडल्या असत्या.

तर भोंग्याने तो प्रश्न रविवारी दुपारी, दाराशी, बूट घालता घालता विचारला. कारण तेवढी एकच जागा आणि तेवढी एकच वेळ अशी होती की तिघं एकत्र असत. बाबा गाडी चालवायला शिकवत. शिकणारी माणसं कामाला जायच्या आधी येतात नाहीतर काम सुटल्यावर, त्यामुळे बाबा उजाडायच्या आत जात आणि सगळे जेवल्यावर परतत. आई बस-स्थानकात, हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत काम करायची. शाळा सुटली की भोंगा तिथेच जाऊन बसायची. वर दांडीला ओळीने टांगलेल्या छत्र्या, खाली ती आणि तिचा अभ्यास. कप्प्यांत डबे, चष्मे, एकेकटे हातमोजे. एक कुबडीसुद्धा होती. कुबडी विसरून माणूस बसमधून उतरून चालत गेला कसा, यावर मायलेकी एकदा पोट दुखेपर्यंत हसल्या होत्या. पण असं एकदाच. एरवी खिडकीशी माणसांची रांग असायची, आणि आईचं तोंड खिडकीकडे.

बाबा बुटाची नाडी ओढत म्हणाले, “तू हरवलीस तर? लगेच कळेल. एवढी शांतता पसरेल की शेजारीपाजारी विचारायला येतील, काय झालं हो?”

आई सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या कोंबत होती. “लोकांना गरज पडली की कळतं,” ती म्हणाली. “छत्री हरवल्याचं पाऊस आल्यावर. चष्मा हरवल्याचं वाचायला बसल्यावर. चल, उशीर होतोय. बूट नीट बांध.”

झालं. प्रश्न विचारला गेला, पैज जिंकली, आणि उत्तर काही मिळालं नाही. भोंगा हसली नाही, ‘गंमत केली’ म्हणाली नाही. कोणी वाटच पाहिली नाही त्याची.

रविवारची ही पायपीट बाबांनीच सुरू केली होती. दहा-बारा माणसं, पाठीवर सॅक, आणि गावाबाहेरच्या पाणथळीतून जाणारी सरकारी राखीव वाट. आधी बांध, मग लाकडी पूल, मग पाणकणसांच्या मधून फळ्यांची पायवाट, पुढे फाटा. फाट्यावरून डावीकडे वळलं की रान लागतं आणि गोल फिरून माणूस परत फाटकाशी, गाड्या लावलेल्या जागी येतो. उजवीकडे वळलं की चिखल लागतो आणि माणूस बूट गमावून येतो.

कोणी चुकू नये म्हणून मंडळींची एक पद्धत होती. सगळ्यांच्या पुढे चालणारा तो डोकं. सगळ्यांच्या मागे चालणारी ती शेपूट. जिथे वाट वळते तिथे डोकं आपल्या लगेच मागच्या माणसाला उभं करतं, तो खांब. खांबाने हलायचं नाही. येणाऱ्या प्रत्येकाला वाट दाखवायची, आणि शेवटी शेपूट आली की तिच्याबरोबर निघायचं. शेपूट आली म्हणजे सगळे आले. इतकं सोपं आणि इतकं पक्कं की इतक्या वर्षांत कोणी हरवलं नव्हतं.

डोकं कायम बाबा. शेपूट कायम आई. आणि भोंगा मध्ये कुठेतरी, पोटाच्या आसपास. आईबाबा भांडत नसत. भांडायलासुद्धा समोरासमोर यावं लागतं. ते एकाच वाटेवर, एकाच दिशेने, एकमेकांपासून जमेल तितकं लांब चालत, आणि सगळी मंडळी कौतुकाने म्हणत, काय छान जमलंय दोघांचं.

त्या रविवारी भोंगा भराभर चालत बाबांच्या मागे जाऊन पोचली. “बाबा, आज मला खांब कर.”

“तू? खांबाला गप्प उभं राहावं लागतं.”

“कोणी सांगितलं? बोलका खांब. जगात पहिला.”

बाबांनी मागे न बघता हात हलवला, म्हणजे बरं. शिकाऊ माणसांना ते दिवसभर ओरडून सांगत, आरशात बघा, मागे काय चाललंय ते बघा. स्वतः चालताना मात्र त्यांची मान वळत नसे.

पुलावर त्यांनी दातांच्या डॉक्टरांना खांब केलं. फाट्यावर पोचल्यावर ते थांबले. तिथे नवीकोरी पाटी लागली होती, पिवळे बाण, झाडाचं चित्र, सगळं साग्रसंगीत. “पाटी आलीय खरी,” बाबा म्हणाले, “पण पाटीला माणसं ओळखता येत नाहीत. उभी राहा. फोन आण इकडे.”

हाही नियमच. मागे एकदा डॉक्टरकाका फोनवर कोणाच्या तरी दाढेची चौकशी करता करता अर्ध्या मंडळींना हसत हसत चिखलात पाठवून मोकळे झाले होते. तेव्हापासून खांबाचा फोन डोक्याच्या सॅकमध्ये.

“हलायचं नाही. आई आली की तिच्याबरोबर ये.” आणि बाबा गेले.

पहिला भाग फार मजेत गेला. भोंगा पाटीशेजारी पाय फाकून उभी राहिली आणि कोणी वळणावर दिसलं की हात लांब करून सुरू व्हायची: “कृपया लक्ष द्या! डावीकडे रान, सावली आणि सुखरूप घर. उजवीकडे गुडघाभर चिखल. प्रवाशांनी आपापले बूट सांभाळावेत!” मंडळी हसत. एका काकांनी वाकून नमस्कार केला. एका बाईंनी गालाला हात लावला आणि सफरचंद दिलं. एकेक करून सगळे डावीकडच्या झाडीत शिरले आणि त्यांचे आवाज पानांत विरघळले.

आता राहिलं होतं तिघांचं येणं. टेलरमावशी, ज्यांचा वेग गोगलगायीलाही लाजवेल. पुलावरचे डॉक्टरकाका. आणि आई.

भोंग्याने सफरचंद खाल्लं. देठापर्यंत खाल्लं. बिया ओळीने पाटीच्या कडेवर मांडल्या आणि मग एकेक करून चिखलात उडवल्या. कोणी आलं नाही.

टेलरमावशी पक्षी बघत थांबल्या असतील, तिने स्वतःला समजावलं. आई त्यांना काही म्हणत नसेल, कारण शेपटीने कोणाला घाई करायची नसते.

पुलाच्या बाजूने फळ्या वाजल्या. ती ताठ झाली, हात लांब केला, तोंड उघडलं. पण ते एक अनोळखी जोडपं होतं. त्यांनी पाटी वाचली, तिच्या लांब केलेल्या हाताकडे पाहिलं, पुन्हा पाटी वाचली आणि डावीकडे वळले. आपण पाटीशेजारी उभी असलेली दुसरी पाटी आहोत, असं तिला पहिल्यांदा वाटलं. तिने हात खिशात घातले.

बऱ्याच वेळाने एक म्हातारे गृहस्थ आले. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर टोपी.

“कोणाची वाट बघतेस गं?”

“शेपटीची.”

“कोणाच्या?”

“आमच्या. म्हणजे आईची. ती सगळ्यात शेवटी असते.”

“पुलापासून इथपर्यंत तर मला कोणी दिसलं नाही, बाळ.” त्यांनी वळून मागे पाहिलं. “पूल रिकामा आहे. मी फाटकाकडेच चाललोय. येतेस बरोबर?”

पूल रिकामा. टाचा उंचावून तिनेही तिकडे पाहिलं. तरी ती झटकन म्हणाली, “नको. मी खांब आहे.” आणि मग त्यांचा चेहरा बघून, “म्हणजे, येईलच ती.”

ते थोडं घुटमळले, म्हणाले सांभाळून राहा, आणि गेले. ते दिसेनासे होईपर्यंत ती त्यांच्या टोपीकडे बघत राहिली.

मग खरोखर कोणीच नव्हतं. पाणकणसं वाऱ्याने एका बाजूला झुकत, पुन्हा सरळ होत. पलीकडे पाण्यात एक बगळा उभा होता, तिच्यासारखाच, कोणीतरी उभं करून विसरून गेल्यासारखा. पण त्याला मासे तरी मिळत होते.

“कृपया लक्ष द्या,” ती त्याला म्हणाली.

बगळ्याने मान वळवली नाही.

“कृपया लक्ष द्या!” आता जोरात, शाळेच्या माइकमधला आवाज, सगळ्या मजल्यांवर जाणारा. “एक मुलगी सापडली आहे. उंची मध्यम, बडबड फार. ज्या कोणाची असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावी!”

आवाज पाण्यावरून गेला तो गेलाच. भिंत असती तर परत तरी आला असता.

आणि तिथे, त्या फळ्यांवर, बाबांचा विनोद तिला नीट कळला. तू हरवलीस तर एवढी शांतता पसरेल. शांतता पसरली होतीच की. पण ती इथे पसरली होती, तिच्याभोवती. तिकडे, जिथे ते होते, तिथे चहाचा थर्मास उघडला असेल, बिस्किटं फिरत असतील, कोणीतरी किस्से सांगत असेल. तिकडे काहीच शांत झालं नव्हतं. माणूस जिथून नाहीसा होतो तिथे शांतता होते, असं बाबांना वाटत होतं. आणि तिला तर ती घरातही ऐकू यायची. ज्या रात्री आई समजायची की बाबांनी तिला वाढलं असेल आणि बाबा समजायचे की आईने वाढलं असेल, आणि ती ओट्याशी उभी राहून डब्यातली बिस्किटं खायची, त्या रात्री ती काय कमी बोलायची? सगळी सूचनापत्रकं म्हणून दाखवायची. फ्रिजला.

तिला रडू येईलसं वाटलं, मग राग आला, मग दोन्ही एकदमच आली.

निघता आलं असतं. वाट पाठ होती, पाटी समोर होती, फाटक काही दुसऱ्या देशात नव्हतं. चालत गेली असती, गाडीशी पोचली असती, आणि आई म्हणाली असती, आलीस? बाबा म्हणाले असते, चला, बसा गाडीत. आणि ती हरवली होती हे कधी कोणाला कळलंच नसतं. प्रश्न तसाच राहिला असता, दाराशी, बुटांच्या शेजारी.

म्हणून ती हलली नाही. नियम होता म्हणून नाही. नियम केव्हाच संपला होता. तिला बघायचं होतं. एवढी एकच गोष्ट तिला आयुष्यात बघायची होती, की कोणी येतं का, आणि येतं तर कोण.

ऊन पाटीवरून उतरलं, फळ्यांवर आलं, फळ्यांवरून पाण्यात गेलं. तिने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. बगळाही उडून गेला.

आधी आवाज आला तो पुलाच्या बाजूने. धावणाऱ्या पावलांचा, फळ्या खिळखिळ्या करणारा. आणि तो पुरता ऐकू यायच्या आतच रानाच्या बाजूनेही, काटक्या मोडत, धापा टाकत. पाणकणसांतून आईचं लाल जॅकेट बाहेर पडलं. झाडीतून बाबा, दोन्ही खांद्यांवर दोन सॅक तशाच लटकलेल्या. दोघं एकाच वेळी समोर. भोंगा मध्ये.

“अरे, ती तुझ्याबरोबर होती ना?” आई पुलाच्या बाजूने ओरडली.

“माझ्याबरोबर? मी तिला खांब केलं होतं! खांबाला शेपटीने आणायचं असतं!”

“मला कोण सांगणार? ती कधी खांब असते? टेलरमावशींचा पाय मुरगळला पुलावर. मी आणि डॉक्टरांनी त्यांना धरून आल्या वाटेने मागे नेलं. मी डॉक्टरांना विचारलं, फाट्यावर कोणी आहे का. ते म्हणाले, तिथे आता पाटी आहे.”

“शेपटीने वाट सोडायचीच नसते! मी फाटकाशी तुझं लाल जॅकेट बघितलं. शेपूट आली म्हणजे सगळे आले, नाही का?”

“मग जवळ येऊन विचारायचं होतंस एकदा!”

“तू यायचं होतंस!”

दोघांच्या मध्ये, पाटीशेजारी, ती उभी होती. वाक्यं तिच्या डोक्यावरून इकडून तिकडे जात होती. ती दोघांकडे आळीपाळीने बघत होती आणि कोणी तिच्याकडे बघत नव्हतं.

“कसं कळलं?” तिने विचारलं. अगदी साध्या आवाजात. माइक नाही, काही नाही.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

“बाबा, कसं कळलं?”

बाबांनी सॅक खाली ठेवल्या. त्यांना अजून धाप लागलेली होती. “तुझा फोन वाजला,” ते म्हणाले. “माझ्या सॅकमध्ये. चिमणीचा होता. मी उचलला, ती म्हणाली, काका, तिला द्या ना, एक विचारायचंय. मी फोन घेऊन तुझ्या आईकडे गेलो. म्हटलं, दे तिला.”

“आणि मी म्हटलं,” आई म्हणाली आणि थांबली. “मी म्हटलं, ती तुझ्याकडेच आहे.”

चिमणीला काय विचारायचं होतं ते भोंग्याला ठाऊक होतं. विचारलंस का? काय म्हणाले?

आईने पुढे होऊन तिचे हात धरले. आईचे हात गार होते, हिचे त्याहून गार. “किती गारठलीयेस,” आई म्हणाली. “अगं, चालत यायचं होतंस ना सरळ. वाट माहितीये तुला.”

“माहितीये,” ती म्हणाली.

बाबा काहीतरी विनोद करणार होते. त्यांचं तोंड तसं झालंही होतं, पण विनोद आला नाही. त्यांनी सॅकमधून तिचा फोन काढून तिच्या हातात ठेवला, आणि तो देताना उगाचच पुसला.

मग ते निघाले. बाबा पुढे झाले. आई तिच्या मागे थांबली, तिला जाऊ देण्यासाठी. कोणी काही ठरवलं नव्हतं. पाय आपोआप आपापल्या जागी गेले. डोकं, पोट, शेपूट. रानात अंधारून येत होतं. समोर बाबांची पाठ होती, मागे आईची पावलं होती, आणि मधलं अंतर वाढायला लागलंही होतं.

भोंगा थांबली. वाटेच्या कडेला सरून उभी राहिली.

“काय झालं?” आई जवळ आली. “पुढे हो ना, बाळा.”

“तू हो पुढे.”

“मी मागे असते. शेपूट मीच.”

“आता नाही.” तिने आईला हाताने हळूच पुढे केलं. मग बाबांना हाक मारली, आणि ती हाक मात्र सगळ्या मजल्यांवर जाणारी होती. बाबांची मान वळली. पूर्ण वळली. ते चार पावलं मागे आले आणि आईशेजारी उभे राहिले, कारण वाट तिथे अरुंद होती आणि उभं राहायला दुसरी जागा नव्हती.

“ऐका,” ती म्हणाली. “मी ठरवलंय. विचारत नाहीये, सांगतेय. यापुढे शेपूट मी. दर रविवारी. तुम्ही दोघं एकत्र चाला, लांब लांब चाला, बोला, नका बोलू, ते तुमचं तुम्ही बघा, मी त्यात पडणार नाही. पण शेपूट आल्याशिवाय सगळे आले असं होत नाही, हा नियम तुमचाच आहे. म्हणजे मी पोचेपर्यंत दोघांनीही थांबायचं. वळून बघायचं, मी दिसतेय का ते. आणि घरी गेल्यावरही हेच. मी टेबलाशी आल्याशिवाय कोणी जेवायचं नाही. आता चला. मी येतेय मागून.”